बेळगावात गोल्फची मोठी स्पर्धा भरली तर गावाच्या पदरात काय पडेल?

दुसरं_गेट

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ खानावळ चालवते, सोळा वर्षं झाली. माझ्याकडे जेवायला येणाऱ्या पोरांत एक गोल्फचा वेडा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर चाळीस लाख डॉलर बक्षिसाची स्पर्धा झाली. रोरी मॅकिलरॉय आला होता, जिंकला टॉमी फ्लीटवूड. ते चार दिवस हा पोरगा ताटाशेजारी मोबाईल उभा करून जेवायचा. वाढता वाढता माझंही लक्ष जायचं. खेळ मला कळत नव्हता, मी मैदानच बघायचे. दाट झाडी, मधूनच लोदींच्या काळातल्या जुन्या घुमट्या, आणि दोरीच्या पलीकडून खेळाडूंबरोबर चालणारी माणसं. एक दिवस तो म्हणाला, "काकू, आपल्याकडंबी मैदान हाय की. हितं का नको?"

पंगतीतल्या कुणी ते मनावर घेतलं नाही. मी घेतलं.

आपल्या गोल्फ मैदानाची आठवण बहुतेकांना ऑगस्ट २०२२ चीच असेल. तिथे बिबट्या शिरला होता, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवल्या होत्या आणि शिवमोग्याकडच्या सक्रेबैलूहून हत्ती आणून झाडी धुंडाळली होती. बिबट्या काही हाती लागला नाही. पण तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शहराच्या पोटात बिबट्याला लपता येईल एवढी हिरवी जागा आपण अजून राखून आहोत. किती गावांकडे आहे अशी जागा?

दुसरी आठवण २०१९ ची. भारत अ आणि श्रीलंका अ हे संघ ऑटोनगरच्या स्टेडियमवर खेळले. ऋतुराज गायकवाडने तिथेच नाबाद १८७ काढल्या. त्या दिवसांत मला रोज साठ डब्यांचं काम मिळालं होतं. पहाटे चारला उठून आम्ही तिघी जणी चपात्या लाटायचो. चपाती गरम असताना डब्यात भरली की तिला पाणी सुटतं, म्हणून घरातलं धुतलेलं धोतर पाटावर पसरून त्यावर एकेक निववायची आणि मग चारचारची घडी. भारताकडून खेळणाऱ्या पोरांच्या सामन्याला आपल्या हातचं अन्न जातंय, याचा अभिमान होता. पैसे मात्र ज्या ठेकेदारामार्फत काम आलं त्याने पाच महिने थकवले, तेही पुरते दिले नाहीत. तो बाहेरगावचा होता. त्याचं नाव इथे घेत नाही.

म्हणून मला मनापासून विचारायचंय. अशी मोठी स्पर्धा भरली तर गावाला नक्की काय मिळतं? कुणाला मिळतं? स्पर्धा उठून गेल्यावर मागे काय राहतं? ज्यांनी दुसरीकडे पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

निपाणी_राजू

ताई, राग मानू नका, पण गोल्फ हा आपला खेळ न्हवं. आपला खेळ कुस्ती. येळ्ळूरच्या महाराष्ट्र मैदानाला जाऊन बघा, माणूस मावत न्हाई. आनंदवाडीच्या आखाड्यात बी तसंच. तिकडं पैसा घाला की. चार श्रीमंत माणसं काठी घेऊन चेंडू मारत फिरणार आणि आम्ही दोरीच्या पलीकडं उभं ऱ्हाऊन बघणार, ह्यात गावाचं काय भलं?

लॉजवाला_कॅम्प

राजूभाऊ, कुस्तीवर माझाही जीव आहे. माझे आजोबा लाल मातीतलेच. पण पोटापाण्याच्या हिशोबाने बोलतो. मैदानाला हजारो लोक येतात हे खरं. दुपारी येतात, शेवटची निकाली कुस्ती बघतात आणि मिळेल त्या टेम्पोने रात्रीच गावाकडे परततात. नारळ, भजी, चहा, उसाचा रस यांचा धंदा होतो आणि तो व्हायलाच हवा. पण मुक्कामाला कोण राहतं? आमच्या धंद्यात डोकी मोजत नाहीत, रात्री मोजतात.

गोल्फची रीत वेगळी आहे. गुरुवार ते रविवार असे चार दिवस, रोज अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे. खेळाडू सरावाला सोमवार-मंगळवारीच येऊन बसतात. प्रत्येकाबरोबर पिशवी सांभाळणारा कॅडी, कुणाबरोबर घरचे, कुणाबरोबर शिकवणारा. शिवाय टीव्हीवाले, पंच, गवताची देखभाल करणारे. बघायला माणूस फार आला नाही तरी येणारा पाच-सहा रात्री राहतो. तो संध्याकाळी बाहेर पडतो, जेवतो, रिक्षा करतो, जाताना कुंदा बांधून नेतो. एका दिवसाच्या दहा हजार माणसांपेक्षा सहा रात्रींची पाचशे माणसं आम्हाला जास्त देऊन जातात.

अनगोळची_लेक

मी अनगोळची, सध्या नोकरीसाठी बेलफास्टला असते. ताईंनी विचारलंय तर सविस्तर लिहिते, कारण जुलै २०२५ मध्ये मी पोर्ट्रशला जाऊन आले. उत्तर आयर्लंडच्या टोकाला समुद्राकाठी असलेलं ते छोटं गाव. आपल्या खानापूरएवढंसुद्धा नसेल. तिथे 'द ओपन' भरली होती, गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक. १९५१ मध्ये ती तिथे पहिल्यांदा झाली आणि मग थेट २०१९ मध्ये परत आली. म्हणजे अडुसष्ट वर्षं त्या गावाने वाट पाहिली. मधला बराच काळ त्या भागात दंगली आणि बॉम्बस्फोट चालू होते, मोठी स्पर्धा तिकडे न्यायला कोण धजणार? २०१९ मध्ये २,३७,७५० माणसं आली. लोक खूश झाले, व्यवस्था नीट झाली, म्हणून सहाच वर्षांत स्पर्धा पुन्हा तिथे आली आणि या वेळी सुमारे २,७८,००० प्रेक्षक आले.

मी रेल्वेने गेले. तिथलं स्टेशन २०१९ च्या स्पर्धेआधी नवीन बांधलंय. छोटंसंच, पण स्वच्छ, आणि व्हीलचेअर सरळ फलाटावर जाते. माझ्या डब्यात एक आजी होत्या, पोर्ट्रशपासून दोन गावं अलीकडे राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, स्पर्धा येते आणि जाते, मी मात्र दर मंगळवारी याच स्टेशनावरून बहिणीकडे जाते. मला सगळ्यात जास्त पटलं ते हेच. स्टेशन बांधायला निमित्त स्पर्धेचं झालं, आणि ते आता आजींच्या रोजच्या उपयोगाचं आहे.

गावात काय पाहिलं ते सांगते. घराघरांच्या खिडकीत झेंडे. एका घराने पुढच्या अंगणात टेबल मांडून स्कोन आणि चहा ठेवला होता, पैसे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या कुठल्यातरी संस्थेला जाणार होते. मैदानावर दिशा दाखवणारी, शांत राहा म्हणून पाटी उंच धरणारी बहुतेक माणसं स्वयंसेवक. आसपासच्या गोल्फ क्लबचे सभासद, निवृत्त शिक्षक, कॉलेजची पोरं. पाऊस आला की सगळे रेनकोट चढवून तिथेच उभे. आणि दोरीच्या पलीकडे राहून बघण्याबद्दल राजूदादांनी लिहिलंय ना, तर त्या दोरीपासून चार हातांवरून स्कॉटी शेफलर चालत गेला. तो जिंकला शेवटी. एवढ्या जवळून मी कुठलाही मोठा खेळाडू पाहिला नव्हता.

आता पैशांचं. २०१९ नंतर दहा कोटी पौंडांहून जास्त फायदा झाल्याचा हिशोब जाहीर झाला. पण त्यात जगभर टीव्हीवर गाव दिसलं त्याची जाहिरात म्हणून धरलेली किंमतही आहे. ते पैसे कुणाच्या गल्ल्यात रोख पडलेले नाहीत. असा आकडा कुणी आपल्यासमोर टाकला तर त्यात रोख किती आणि मानलेले किती, हे विचारा. तरी एक खरं, त्या जाहिरातीमुळे लोक पुढेही येत राहतात. चॅम्पियन ज्या मैदानावर खेळला तिथे स्वतः खेळायचं म्हणून अमेरिकेहून माणसं येतात, आणि मग जायंट्स कॉजवेचे खडक बघायला दोन दिवस जास्त राहतात.

निवृत्त_मास्तर_शहापूर

अनगोळच्या लेकीने स्टेशनाचं उदाहरण फार चांगलं दिलं. आपल्याकडेही याचा एक दाखला आहे आणि तो शंभर वर्षांचा आहे. डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष होते, आणि संपूर्ण आयुष्यात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनात. गंगाधरराव देशपांडे यांच्या खांद्यावर सगळा भार. हजारो माणसं टिळकवाडीच्या माळावर उतरणार तर पाणी कुठून आणायचं? म्हणून विहीर खोदली. मंडप सुटला, कमानी गेल्या, पाहुणे गेले. विहीर राहिली. आजही आपण तिला काँग्रेस विहीरच म्हणतो आणि रस्त्याला काँग्रेस रोड. मी दहा-बारा वर्षांचा असताना उन्हाळ्यात तिथल्या पायऱ्यांवर बसलो आहे, त्या दगडांचा गारवा अजून आठवतो.

तेव्हा मोठा समारंभ या गावाला नवा नाही. २०११ मध्ये विश्व कन्नड संमेलन झालं, त्या निमित्ताने रस्ते रुंद झाले. २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभं राहिलं आणि कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तिथे भरू लागलं. या प्रत्येक वेळी शहराने काय कमावलं आणि काय सोसलं, त्याचा ताळेबंद मात्र कुणी गावापुढे ठेवला नाही. अधिवेशन आलं की रस्त्याला डांबर, दुभाजकाला रंग, कुंड्या. अधिवेशन संपल्यावर त्या कुंड्यांना पाणी घालणारं कुणी नाही. १९२४ ची माणसं गरीब होती. तरी त्यांनी आधी पाण्याचा विचार केला.

आणखी एक. आपण सीमेवरचे लोक. पाहुणा कोल्हापूरहून येणार, चोर्ला घाटातून गोव्याहून येणार, बंगळूरहून वंदे भारतने येणार. ती गाडी १० ऑगस्ट २०२५ पासून बेळगावपर्यंत येते आहे. पण डिसेंबरात महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर सीमावादावरून तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बसेस थांबतात. तिकीट काढून ठेवलेला माणूस नाक्यावर चार तास अडकला तर तो दुसऱ्यांदा यायचा नाही. आयर्लंडच्या लेकीने लिहिलं, तिथे शांतता आली तेव्हाच स्पर्धा परतली. मला वाटतं आपल्याला यातून सर्वांत जास्त शिकण्यासारखं आहे. मराठी-कन्नड दोन्ही भाषांत पाटी लावून आलेल्या माणसाला वाट दाखवणं अवघड आहे का? आमच्या गल्लीत एकाच सोप्यात दोन्ही भाषा बोलणारी घरं आहेत.

येळ्ळूर_शिवार

मास्तरांना नमस्कार. सगळ्यांचं वाचलं. मी शेतकरी, माझी बाजू मांडतो.

"शहराचा फायदा" हे शब्द ऐकले की आमच्या पोटात गोळा येतो. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी उभ्या पिकात यंत्रं घातली. वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, बाया-बापड्या रस्त्यावर बसल्या. ती तिबार पिकाची जमीन होती, बासमती पिकवणारी. बेळगाव बासमतीचा भात शिजताना गल्लीभर वास सुटायचा, हे आता पोरांना सांगून पटत न्हाई. बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात शिवारात घुसतं, भात कुजतो. त्याला निमित्त सापडत न्हाई, स्पर्धेला मात्र सापडणार.

म्हणून दोनच गोष्टी विचारतो. नवं मैदान करणार काय? अठरा होलच्या मैदानाला सव्वाशे-दीडशे एकर लागतात म्हणे. त्यासाठी कुणाची एक गुंठा जमीन जाणार असेल तर माझा विरोध आत्ताच लिहून ठेवा. आणि गवत हिरवं ठेवायला पाणी कुठलं? राकसकोप जलाशय आटत आला की एप्रिल-मेमध्ये नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई. तेव्हा गवताला पाणी चालू राहिलं तर लोक गप्प बसतील?

दुसरं_गेट

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, हे मनात आलंच नव्हतं असं नाही पण तुमच्याइतकं कळत नव्हतं. नवं मैदान कुणालाच नको. जे आहे तेच. एकाही शेतकऱ्याची जमीन जाणार असेल तर हा धागा मीच बंद करीन.

उद्यमबाग_फौंड्री

पाण्याबद्दल थोडं. बऱ्याच गोल्फ मैदानांवर आता प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात, पिण्याच्या पाण्याला हात लावत नाहीत. आपल्या शहराचं सांडपाणी नाहीतरी नाल्यातून शिवारातच जातंय. ते शुद्ध करण्याची व्यवस्था स्पर्धेच्या निमित्ताने पुरी झाली आणि त्यातलं थोडं मैदानाला, उरलेलं स्वच्छ होऊन नाल्यात गेलं, तर येळ्ळूर-वडगावच्या शिवाराला फायदाच आहे. पण अट लेखी हवी. आधी शुद्धीकरण, मग स्पर्धा. उलटं झालं की काही होत नाही, हे आपण पाहिलंय.

आणि ठिकाण आहे तेच वापरायचं, हा गोल्फचा मोठा गुण आहे. क्रिकेट-फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांसाठी गावं कर्ज काढून स्टेडियम बांधतात आणि पुढे ती ओस पडतात. गोल्फला प्रेक्षकांचे मचाण तात्पुरते, नळ्या आणि फळ्यांचे. आठवड्यात उभे, आठवड्यात मोकळे. आमच्या उद्यमबागेत हे काम करू शकणारे फॅब्रिकेटर गल्लोगल्ली आहेत. पण ऑर्डर मुंबई-बंगळूरच्या कंपनीला गेली तर आमच्या वाट्याला फक्त रहदारीची कोंडी येईल. ताईंच्या डब्यांचं झालं तेच.

हिशोबाबद्दल आणखी. अर्थतज्ज्ञ याबाबत कायम सावध करतात. स्पर्धेला आलेल्या पाहुण्याने खर्च केला ही खरी भर. पण टिळकवाडीच्या माणसाने रविवारी खडेबाजारात जेवायच्या ऐवजी मैदानावर जेवण घेतलं, तर ती भर नाही. पैसा या खिशातून त्या खिशात गेला एवढंच. शिवाय नेहमीचा पाहुणा पळतो तो वेगळा. आमच्याकडे पुण्याहून, राजकोटहून माल बघायला येणारे व्यापारी अधिवेशनाच्या दिवसांत यायचंच टाळतात. खोली मिळत नाही, मिळाली तर भाव दुप्पट.

लॉजवाला_कॅम्प

भाव वाढतात हे मान्य करतो, आम्हीही वाढवतो. पण सगळ्या खोल्या धरूनही मोठ्या स्पर्धेला शहर अपुरं पडेल. अमेरिकेत ऑगस्टा नावाचं गाव आहे, तिथे १९३४ पासून मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा भरते. तिथले लोक त्या आठवड्यात स्वतःचं घर पाहुण्यांना भाड्याने देतात आणि आपण नातेवाइकांकडे किंवा सहलीला जातात. शाळांची वसंताची सुट्टीसुद्धा त्याच आठवड्यात ठेवलेली असते, रस्ते मोकळे राहतात. तिकडच्या आयकर कायद्यात वर्षाला १४ दिवसांपर्यंत घर भाड्याने दिलं तर ते उत्पन्न करमुक्त आहे, आणि त्या तरतुदीला लोक 'ऑगस्टा नियम' म्हणूनच ओळखतात.

आपल्याकडे तशी सूट नाही. पण हिंदवाडी, भाग्यनगर, राणी चन्नम्मा नगरात कितीतरी बंगले आहेत जिथे म्हातारा-म्हातारी खाली राहतात आणि वरचा मजला कुलूपबंद. पोरं पुण्याला, अमेरिकेला. अशा घरात पाहुणा राहिला, सकाळी काकूंच्या हातचे पोहे खाल्ले, तर तो पैसा सरळ घरात जातो. मला तोटा होईल, तरी सांगतो.

निपाणी_राजू

हे मला पटलं. आणि चपलांचं बी ध्यानात ठेवा. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपला बेळगाव जिल्हाबी हाय. निपाणीत, अथणीकडं हातानं चप्पल करणारी माणसं हायत, पर दुकानदार त्यांना देतो किती? स्पर्धेच्या मैदानावर कारागिराला स्वतःच्या हातानं विकायला एक गाळा द्या. मधला माणूस नको.

कुस्तीचं मात्र सोडणार न्हाई मी.

कॅडी_खानापूर

मी खानापूर तालुक्यातला. बंगळूरला एका गोल्फ मैदानावर नऊ वर्षं कॅडी आहे. इथे कधी लिहिलं नव्हतं, पण विषय माझा आहे.

कॅडी म्हणजे पिशवी उचलणारा हमाल, असं घरच्यांनाही वाटायचं. पिशवी बारा-पंधरा किलोची असते, ती उचलायची हे खरं. पण खरं काम डोक्याचं आहे. चेंडू पडला तिथून होलचा झेंडा किती यार्डांवर, वारा कुठून, गवत कुठल्या दिशेला झुकलंय, सगळं सांगावं लागतं. हिरवळीवर चेंडू ढकलायच्या आधी खेळाडू गुडघ्यावर बसतो आणि मी त्याच्या मागे उभा राहतो. पहाटेचं दव असलं तर चेंडू हळू जातो, ऊन चढलं की पळतो. तोच उतार सकाळी सातला दोन इंच वळतो आणि दुपारी एकला पाच इंच. हे पुस्तकात नाही, पायाने शिकायचं. मी पहिलं वर्षभर संध्याकाळी अनवाणी फिरून मैदानाचे उतार पाठ केले. तळव्याला कळतं.

या खेळात आमच्यासारख्यांची पोरं वर आलेली आहेत. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते. १९९१ मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली, जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू तेच. १९९३ मध्ये परत जिंकली. आणि बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली तेव्हा तिची कॅडी तिची आई होती. आम्ही सगळे कॅडी त्या सकाळी एका मोबाईलभोवती उभे होतो. शेवटच्या होलवर तिचा चेंडू होलजवळून गेला, आत पडला नाही. कुणी बोललं नाही बराच वेळ.

बेळगावात मोठी स्पर्धा झाली तर मला काय मिळेल विचाराल, तर मी घरी येईन. चार दिवसांसाठी नाही. चांगलं मैदान वर्षभर सांभाळायला माणसं लागतात. गवत कापणारे, रोगराई ओळखणारे, पाण्याच्या नळ्या बघणारे, यंत्रं दुरुस्त करणारे, कॅडी, पोरांना शिकवणारे. ही कौशल्याची कामं आहेत. आमच्या तालुक्यातून रोज रेल्वेने पोरं बेळगावला मजुरीला येतात. त्यांच्यातल्या वीस जणांना हे शिकवलं तरी वीस घरं उभी राहतील. अट एकच घाला. आठवड्यातून एक दिवस सरकारी शाळेच्या पोरांना मैदानात येऊ द्या, काठी हातात द्या. नाहीतर ते कुंपण बाहेरूनच बघत मोठे होतात.

येळ्ळूर_शिवार

कॅडीदादा, तुमचं वाचून बरं वाटलं. आमच्या शेतातबी पाण्याचा उतार असाच तळपायानं कळतोय. हे काम आमच्या पोरांना जमेल.

शनिवार_खूट

कचऱ्याचं कुणी लिहिलं नाही. चार दिवसांच्या बाटल्या, प्लेटा, फ्लेक्स सगळं तुरमुरीच्या डेपोवर जाणार आणि तिथल्या लोकांनी वास सोसायचा. अमेरिकेत फिनिक्सची गोल्फ स्पर्धा आहे, तिथे गेली दहा-बारा वर्षं सगळा कचरा पुनर्वापराला, खताला किंवा ऊर्जेसाठी पाठवतात, जमिनीत पुरायला काही देत नाहीत. ती स्पर्धा भरवते गावातलीच एक मंडळी आणि उरलेले पैसे दानधर्माला जातात. आपल्या गणेशोत्सव मंडळांना हे जमणार नाही का? अकरा दिवस लाखो माणसं सांभाळतो आपण, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. स्वयंसेवक हवेत तर बेळगावसारखं गाव नाही.

निवृत्त_मास्तर_शहापूर

मंडळांचा मुद्दा फार मोलाचा. तारखेबद्दलही सुचवतो. जून ते सप्टेंबर पाऊस, डिसेंबर अधिवेशनाचा, मार्चमध्ये परीक्षा. राहतो जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. तेव्हा सकाळी धुकं असतं, दुपारी कोवळं ऊन. या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते त्याच हवेमुळे.

समारंभ रद्द होऊ शकतो हेही धरून चाला. डिसेंबर २०२४ मध्ये काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीला अख्खं शहर दिव्यांनी उजळलं होतं. २६ तारखेच्या रात्री डॉ. मनमोहन सिंग गेले आणि दुसऱ्या दिवशीचा मेळावा रद्द झाला, तो पुढे जानेवारीत घेतला. तसं होणं योग्यच होतं. पण ज्यांनी हजारोंच्या जेवणाचा शिधा भरला असेल, भाजी चिरून ठेवली असेल, त्यांचं काय? अशा वेळी आगाऊ रक्कम हातात असेल तर लहान माणूस तरतो.

दुसरं_गेट

मास्तर, भाजी चिरून ठेवली असेल हे वाक्य तुम्ही लिहिलंत आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चिरलेली भाजी परत होत नाही, मळलेली कणीक परत होत नाही. हे फार थोड्यांना सुचतं.

सगळ्यांचं वाचून माझं मत आता पक्कं झालंय. स्पर्धा यावी. पण लगेच दिल्लीएवढी नको. आधी राज्य पातळीची, किंवा सैन्यदलांची, इथे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, खेळाची शिस्त आहे. शंभर-दीडशे खेळाडूंची चार दिवसांची स्पर्धा आपण नीट करून दाखवू. पोर्ट्रशलाही पहिल्यांदा नीट केली म्हणूनच दुसऱ्यांदा मिळाली.

आणि त्याआधी जेवणाचं काम गावातल्याच गटांना, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली पंधरा दिवसांत, हे करारात असलं पाहिजे. मी ही एकच गोष्ट धरून बसणार आहे, कारण मला तेवढीच नीट कळते. पाण्याचं येळ्ळूरच्या दादांनी धरावं, मैदानाचं खानापूरच्या दादांनी. कालपासून मी आमच्या भागातल्या डबे करणाऱ्या बायकांकडे जाऊन बोलतेय. आठ जणी तयार आहेत. त्यातल्या दोघींनी २०१९ ला माझ्याबरोबर चपात्या लाटल्या होत्या आणि त्यांचेही पैसे बुडाले होते. त्यांना मी माझ्या पदरचे थोडे थोडे दिले होते, पण पुरते नाही. पहिल्यांदा त्यांच्यासमोर जायलाच मला संकोच वाटत होता. एकीने चहा ठेवला आणि विचारलं, "यंदा करार कोण वाचणार?"

कुणी वकील असाल इथे, तर सांगा. कागद मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हींत हवा.

भाग्यनगर_वकील

मी आहे. फी नको. शनिवारी संध्याकाळी पाचनंतर खानावळीत येतो, आठही जणींना बोलवा. आणि जुन्या ठेकेदाराशी झालेलं काही लेखी असेल, मेसेज असले तरी, ते घेऊन बसा. मुदत उलटली असण्याचीच शक्यता जास्त, त्यामुळे आशा लावत नाही, पण कागद बघितल्याशिवाय सोडायचं नाही.

दुसरं_गेट

मेसेज आहेत. मी एकही पुसलेला नाही. या शनिवारी, पाचनंतर.